फॅनगिरी : विचारा बिनधास्त

मागच्या अंकात संपादकांनी कोपऱ्यात एक चौकट टाकली होती की केपॉप (कोरियन पॉप गाणी), फॅन, कॉन्सर्ट असल्या गोष्टींबद्दल काय पण विचारा, आमच्याकडे एक फॅन आहे ती उत्तरं देईल. तर ती फॅन मी. मूळची सांगलीची, पुण्यात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, शाळेत असल्यापासून बीटीएस (सात मुलांचा कोरियन ग्रुप) ऐकते. एक्स्पर्ट वगैरे नाही, पण या धंद्यात (हो, धंदाच म्हणते, का ते पुढे कळेल) गिऱ्हाईक म्हणून चांगली मुरलेली आहे. पत्रं बरीच आली आणि त्यातली निम्मी आईवडिलांची निघाली, हे बघून हसू पण आलं आणि जरा टेन्शन पण. लांब पत्रं थोडक्यात दिलीत, नावं मुद्दाम गाळलीत.

मुलगी नववीत आहे. एकच अल्बम तिला तीन वेळा पाहिजे. घरात सीडी प्लेयर नाही. वर म्हणते त्यातला एक फोटो विकून दुसरा घेणार. हे काय प्रकरण आहे, तिला कोणी फसवतंय का? (एक आई, नाशिक)

काकू, फसवणूक म्हणाल तर नाही, पण अगदी साधं सरळ पण नाही. केपॉपचा अल्बम म्हणजे आपल्याला माहीत असलेली सीडीची चपटी डबी नसते. वहीएवढा बॉक्स येतो, त्यात जाडजूड फोटोबुक, पोस्टर, स्टिकर, कुठंतरी तळाला सीडी आणि एकदोन फोटोकार्ड. फोटोकार्ड म्हणजे एटीएम कार्डाएवढा फोटो, बस. ग्रुपमध्ये सात जण असतील तर सातांपैकी कोणाचं कार्ड निघेल ते बॉक्स फोडेपर्यंत कळत नाही. एकाच अल्बमच्या परत तीनचार व्हर्जन असतात, प्रत्येकीची कार्डं वेगळी, आणि कोरियातली मोठी दुकानं स्वतःची वेगळी कार्डं देतात ती फक्त त्यांच्याकडूनच घेतलं तर मिळतात. म्हणजे आपल्या लाडक्याचं, ज्याला आम्ही बायस म्हणतो, त्याचं कार्ड पाहिजे असेल तर एकतर नशीब पाहिजे नाहीतर पाकीट.

हे सगळं असं मुद्दाम रचलेलं आहे आणि ते तिला कोणीतरी नीट सांगायला पाहिजे. पहिल्या आठवड्यात किती अल्बम खपले हा आकडा तिकडं फार मोठा मान असतो, त्यावरून बातम्या होतात, त्यावरून फॅन एकमेकांशी भांडतात. कोरियात तर कलाकाराला भेटून सही घ्यायच्या कार्यक्रमाची सोडत अल्बमखरेदीवर निघते, जेवढे अल्बम तेवढ्या चिठ्ठ्या, त्यामुळं लोक खोके भरून घेतात. २०२३ मध्ये तिथल्या सर्कल चार्टनं मोजलेली अल्बमविक्री १० कोटींच्या वर गेली, त्याच वर्षी सेव्हन्टीन नावाच्या ग्रुपचा एक अल्बम पहिल्या आठवड्यात ४५ लाखांवर खपला, आणि हे अशा काळात जेव्हा सीडी लावायला कोणाकडे काही नाही. कार्ड काढून घेऊन उरलेला बॉक्स रस्त्यावर सोडून गेलेले फोटो पाहिले की मला खरंच लाज वाटते. याविरुद्ध आवाज पण फॅननीच उठवला, २०२१ पासून केपॉप फॉर प्लॅनेट नावानं फॅन मुलं कंपन्यांच्या मागं लागलीत की हा कचरा कमी करा.

आता तुमच्या मुलीचं फोटो विकणं. घाबरू नका, ते सगळीकडे चालतं आणि खरं सांगायचं तर तीच शहाणपणाची बाजू आहे. आपल्याकडे जीओ म्हणजे ग्रुप ऑर्डर चालते. कोणीतरी एक ताई पन्नाससाठ जणींच्या ऑर्डरी गोळा करून कोरियाहून एकत्र खोका मागवते, कस्टम आणि शिपिंग सगळ्यांत वाटून घेते, मग इथं ज्याचं त्याला पार्सल करते. नको असलेलं कार्ड दुसरीला द्यायचं, आपल्याला पाहिजे ते घ्यायचं. आणि ते पाठवायची पद्धत बघाल तर थक्क व्हाल. कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, मग ती स्लीव्ह टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, टॉपलोडरच्या तोंडाला टेप, पण टेपचं टोक दुमडून ठेवायचं म्हणजे उघडणारीला नखानं खरवडावं लागू नये, मग दोन्ही बाजूंनी खाकी पुठ्ठा, वर बबल रॅप, आणि पावसाळा असेल तर सगळं झिपवाल्या पिशवीत. जिची वह्यांना कव्हर घालायची मारामार तीच पोरगी हे सगळं न सांगता करते.

माझा स्वतःचा नियम सांगते, पटला तर घ्या. अल्बम एकच, गाणी खरंच आवडली तरच. बायसचं कार्ड नाही निघालं तर ते सुटं विकत घ्यायचं, दुसरा बॉक्स नाही फोडायचा. आणि पैसे पाठवायच्या आधी समोरचीकडून कार्डाचा व्हिडिओ मागायचा, त्यात तिचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी कार्डाशेजारी दिसली पाहिजे, आणि आधीच्या गिऱ्हाइकांच्या पावत्या पण बघायच्या. जीओ चालवणारी पैसे घेऊन गायब झाली हे होतं, वारंवार होतं, म्हणून मुलीचे व्यवहार वर्षभर तरी तुमच्या फोनवरून होऊ द्या. तिसरा अल्बम मात्र नाही म्हणजे नाही. रडेल दोन दिवस.

शब्द कळत नाहीत, अर्थ कळत नाही, तरी तासन्‌तास ऐकता. हे संगीतप्रेम आहे की नुसता देखणेपणा बघणं? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, देखणेपणा आहेच, तो नाकारला तर खोटं बोलल्यासारखं होईल. पण भीमसेनजींचं भाग्यदा लक्ष्मी बारम्मा आमच्या घरी दर शुक्रवारी लागायचं आणि घरात एकाला कन्नड येत नाही. तेव्हा कोणी विचारलं नाही की अर्थ कळतो का.

आणि गाण्यात ऐकण्यासारखं भरपूर असतं. पुष्कळशा केपॉप गाण्यांत एकाच गाण्यात तीनचार वेगळी गाणी शिवलेली असतात, मुखडा एका चालीत, मध्येच रॅप, मग अचानक लय निम्मी होते, मग एक उंच सूर, मग फक्त नाचासाठी सोडलेली जागा. याचं कारण असं की कंपन्या स्वीडन अमेरिकेच्या चालकारांना सोलला बोलावून कोरियन लोकांबरोबर खोलीत बसवतात आणि तुकडे जोडत जोडत गाणं उभं करतात. कधी जोड दिसतो, कधी इतकं बेमालूम असतं की दहाव्यांदा ऐकताना कळतं अरे इथं ताल बदलला होता. सगळं चांगलं असतं असं नाही, बरंचसं टाकाऊ असतं. सगळ्यात जास्त गाजलेली बीटीएसची गाणी मला सगळ्यात कमी आवडतात, पण हे छापल्यावर माझ्या मैत्रिणी माझ्याशी बोलायच्या बंद होतील.

मी अकरावीला आहे. मला बीटीएस आवडतात म्हणून वर्गातले पोरं लय चिडवतात, मेकअपवाले म्हणतात, मला पण काय काय म्हणतात. ऐकणं सोडून द्यावं का लपवून ऐकावं? (एक वाचक, लातूर)

सोडू नको रे. आणि लपवून ऐकायचं तर तुझी मर्जी, हॉस्टेलमध्ये कधी कधी शहाणपणा त्यातच असतो, त्यात कमीपणा काही नाही.

पण एवढं माहीत असू दे. तुझ्या वर्गातल्या पोरांच्या पणजोबांनी बालगंधर्वांसाठी रात्र रात्र जागून नाटकं पाहिली असतील. पुरुष माणूस, शालू नेसून, दागिने घालून, तोंडाला रंग लावून स्त्रीची भूमिका करायचा आणि अख्खा महाराष्ट्र वेडा झालेला, बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकत होत्या, त्यांच्यासारखे दागिने घडवून घेत होत्या. १९११ मध्ये मानापमानच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि तरी ते प्रेक्षकांसाठी उभे राहिले, ही गोष्ट आजी लोक अजून सांगतात. (मला ती ऐकताना दर वेळी वाटतं की त्या दिवशी खेळ रद्द केला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं, पण तो वेगळा विषय.) तर रंग लावलेल्या पुरुषावर जीव टाकणं हे आपल्याकडे कोरियाहून आलेलं नाही.

आणि मर्दानगीचाच प्रश्न असेल तर तुझ्या वर्गात सांग की त्या मेकअपवाल्या सातही जणांनी सक्तीची देशसेवा केली आहे. दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषाला ती चुकत नाही, सैन्यात गेला तर साधारण दीड वर्ष. आशियाई स्पर्धेत सोनं मिळवलेल्या खेळाडूला सवलत मिळते, फुटबॉलवाल्या सोन ह्युंग मिनला २०१८ च्या सुवर्णपदकामुळं मिळाली, शास्त्रीय संगीतातल्या ठराविक स्पर्धा जिंकणाऱ्यांना पण मिळते, पण पॉप गाणाऱ्यांना नाही. २०२० मध्ये कायदा बदलून त्यांना वयाच्या तिशीपर्यंत पुढं ढकलायची मुभा दिली एवढंच. सगळ्यात मोठा जिन डिसेंबर २०२२ मध्ये गेला, जून २०२४ मध्ये परत आला, आणि जून २०२५ पर्यंत सगळे सुटले. शुगाच्या खांद्याला दुखापत होती म्हणून त्यानं लष्कराऐवजी दुसरी सरकारी सेवा केली. करिअर ऐन भरात असताना दोनअडीच वर्षं ग्रुप बंद. तुझ्या वर्गातल्या किती जणांनी एनसीसीचा कॅम्प पूर्ण केलाय ते एकदा विचार.

खरं तर मला ही उत्तरं देणं फारसं आवडत नाही, कारण उद्या ते सैन्यात गेले नसते तरी तुला त्यांचं गाणं आवडायचा हक्क होताच. पण भांडताना मुद्दा हाताशी असलेला बरा.

दहावीची प्रिलिम आणि कमबॅक (ग्रुपच्या नवीन गाण्यांचं रिलीज) एकाच आठवड्यात आलाय. ग्रुपवर सगळ्या म्हणतात रात्रभर गाणं परत परत स्ट्रीम करायचं, नाही केलं तर खरी फॅन नाही. काय करू? (एक वाचक, जळगाव)

झोप. २०२० मध्ये बीटीएसच्या डायनामाइट गाण्याचा व्हिडिओ पहिल्या २४ तासांत १० कोटींच्या वर पाहिला गेला, त्यात तुझे पन्नास नसते तर काय झालं असतं सांग. खरी फॅन कोण हे ठरवणाऱ्या मुलींची प्रिलिम झालेली असते बहुतेक.

तुम्ही तरुण मुलं हा वेळ समाजकार्यात घातला तर देशाचं भलं होईल. (एक हितचिंतक, सोलापूर)

प्रश्न नाहीये हा काका, पण उत्तर देते. २०२० मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन चाललं होतं तेव्हा बीटीएसनं दहा लाख डॉलर दिले आणि फॅननी साधारण एका दिवसात तेवढेच गोळा करून दिले. २०२१ ला आपल्याकडे कोविडची दुसरी लाट होती तेव्हा इथल्या फॅननी लाखो रुपये जमवले, त्यात कॉलेजच्या मुलींचे पन्नास शंभर रुपयेच जास्त. हे जमतं कारण फॅन ग्रुपमध्ये आधीच सगळं बसलेलं असतं, कोणी एक्सेल सांभाळते, कोणी पोस्टर बनवते, कोणी रात्री दोन वाजता कोरियन मुलाखत ऐकून सबटायटल लिहिते. मला हिशोबाची शीट बनवायला कॉलेजनं नाही, फॅन ग्रुपनं शिकवलं.

आणि तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते पण सांगते. ही सगळी मेहनत एरवी फुकटात कंपनीला जाते. जाहिरात आम्ही करतो, भाषांतर आम्ही करतो, गाणं चार्टवर आम्ही चढवतो, वाढदिवसाला स्वतःचे पैसे घालून होर्डिंग आम्ही लावतो, आणि शेअरचा भाव त्यांचा वाढतो. मला हे कळतं आणि तरी मी करते. पण मजा आपली आणि आकडा त्यांचा, हे मी एकदा मनात नीट वेगळं करून ठेवलं आणि तेव्हापासून कोण पहिल्या नंबरवर आलं, कोणाचा अल्बम जास्त खपला यावर भांडायचं बंद केलं. डोकं शांत झालं, फोनची बॅटरी पण टिकते.

माझ्या बायसचं लफडं बाहेर आलंय. मला माहितीये की त्याचं आयुष्य आहे, पण दोन दिवस जेवण जात नाहीये आणि राग पण येतोय. मी वेडी आहे का? (वय १७, कोल्हापूर)

वेडी नाहीस ग. तुला असं वाटावं म्हणून बरीच माणसं पगार घेऊन काम करतात, त्यामुळं तुला तसं वाटलं तर त्यात तुझा दोष काय.

बबल नावाचं अ‍ॅप बघ, तुझ्याकडे असेलच. महिन्याला पैसे भरायचे, मग तुझ्या फोनवर त्याचे मेसेज येतात, अगदी दोघांच्या चॅटसारखे. जेवलीस का, आज दमलो, झोप आता. तोच मेसेज त्याच क्षणी हजारो जणींना गेलेला असतो, पण बाकीच्या तुला दिसत नाहीत. आणि तो नावाच्या जागी एक खूण टाकतो, तिथं अ‍ॅप आपोआप तू स्वतःचं जे नाव भरलंयस ते घालतं. म्हणजे तुझं नाव घेऊन गुड नाइट. मी कॉमर्सवाली, मला हे कसं चालतं ते सगळं पाठ आहे, आणि पहिल्यांदा माझं नाव आलं तेव्हा मी हॉस्टेलच्या गॅलरीत नाचले होते. तर जेवण न जाणं मी समजू शकते.

राग मात्र कुठं काढायचा ते बघ. २०२४ मध्ये एस्पा ग्रुपच्या करीनाचं एका अभिनेत्याशी जमल्याची बातमी आली तर काही फॅननी तिच्या कंपनीसमोर निषेधाचा बोर्ड लावलेला ट्रक आणून उभा केला, आणि त्या बाईनं हातानं लिहून माफी मागितली. कशाची, तर प्रेमात पडल्याची! थोड्याच आठवड्यांत ते दोघं वेगळे झाले. मला त्या माफीचा फोटो बघवला नव्हता. आणि याच्या आधी यापेक्षा फार वाईट होऊन गेलंय. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सुली गेली, नोव्हेंबरमध्ये गू हारा, दोघी केपॉप गायिका, पंचविशी अठ्ठाविशीच्या, मैत्रिणी होत्या एकमेकींच्या, दोघींवर वर्षानुवर्षं कॉमेंटमधून घाण टाकली जात होती. सुली गेल्यावर दाउम या कोरियन पोर्टलनं मनोरंजनाच्या बातम्यांखालच्या कॉमेंट बंद केल्या, २०२० मध्ये नेव्हर या दुसऱ्या पोर्टलनं पण. बंद करावं लागलं याचा विचार कर.

तेव्हा रड, मैत्रिणीला फोन कर, त्याचं पोस्टर काही दिवस कपाटाच्या आत लाव. फक्त त्या मुलीच्या अकाउंटवर जाऊन काही लिहू नको. आणि जेवून घे, तांबडा पांढरा मिळणाऱ्या गावात राहून उपाशी राहणं बरं दिसत नाही.

मुलाला कोल्डप्लेचं तिकीट पाहिजे होतं. मिळालं नाही म्हणून एजंटला पाचपट द्यायला निघाला होता, मी नाही म्हटलं, अजून बोलत नाही. माझं चुकलं का? आमच्या वेळी असलं नव्हतं. (एक बाबा, ठाणे)

पाचपट नाही दिले ते बरोबर केलंत. जानेवारी २०२५ च्या त्या नेरूळच्या शोची मूळ तिकिटंच अडीच हजारापासून पस्तीस हजारांपर्यंत होती, काळ्या बाजारात तर लाखांत सांगत होते, आणि असल्या व्यवहारात गेटवर तिकीट खोटं निघालं तर तक्रार कोणाकडे करणार.

पण आमच्या वेळी असलं नव्हतं यावर जरा हरकत आहे. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला, तेव्हा तुम्ही कॉलेजात असाल, तेव्हा मुंबई कशी झाली होती ते मुलाला सांगा की. आणि अजून मागं जायचं तर १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून संयुक्त मानापमान केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी, दोन कंपन्यांचे दोन स्टार एकाच रंगमंचावर, तेव्हा पण तिकिटांवर उड्या पडल्या होत्या. गर्दीला आपल्याकडे शंभर वर्षांची परंपरा आहे.

मुलाशी बोलणं सुरू करायचं तर पुढच्या शोला तिकीटविक्रीच्या दिवशी त्याच्या शेजारी तुमचा फोन घेऊन रांगेत बसा. आमची अवस्था तर त्याच्याहून वाईट, बीटीएस झालेत १२ वर्षांहून जुने आणि भारतात त्यांचा एक शो नाही. २०२३ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवाला गॉटसेव्हन या केपॉप ग्रुपचा जॅक्सन वांग आला होता, त्याच्याच व्हिडिओवर आम्ही अजून दिवस काढतोय.

मी स्वतः गाणी बनवतो. कोरियासारखी फॅक्टरी मराठीत का उभी राहत नाही? आपल्याकडे टॅलेंट कमी आहे का? (एक संगीतकार, पिंपरी)

टॅलेंटचा प्रश्न नाही दादा, आणि फॅक्टरी पाहिजेच का हा माझा उलटा प्रश्न आहे.

तिकडं ती कशी उभी राहिली ते बघा. १९९२ मध्ये सो तेजी अँड बॉइज टीव्हीच्या टॅलेंट शोमध्ये रॅप घेऊन आले, परीक्षकांनी सगळ्यात कमी मार्क दिले आणि पोरांनी डोक्यावर घेतलं. त्यातल्याच एकानं पुढं वायजी ही कंपनी काढली. एसएम कंपनीनं १९९६ ला एच.ओ.टी. हा मुलांचा ग्रुप आणला, २००० मध्ये बोआ नावाची मुलगी वयाच्या १३ व्या वर्षी डेब्यू झाली, म्हणजे गायिका म्हणून पहिल्यांदा लोकांसमोर आली. मधल्या काळात १९९७ चं आर्थिक संकट आलं, सरकारला कळलं की नुसत्या गाड्या जहाजं विकून भागणार नाही, १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांसाठी वेगळा कायदा केला, पैसा घातला. देश लहान, घरचं मार्केट लहान, म्हणून पहिल्यापासून बाहेर विकायचं डोक्यात. याची किंमत पोरांनी मोजली. शाळकरी वयात ट्रेनी म्हणून आत जायचं, वर्षानुवर्षं नाच, गाणं, वजनाचा काटा, आणि डेब्यू होईल याची गॅरंटी नाही. २००९ मध्ये टीव्हीएक्सक्यू ग्रुपच्या पाचातले तिघं १३ वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले तेव्हा कुठं तिथल्या सरकारी आयोगानं नमुना करार काढून मुदत सात वर्षांवर आणली. आता आपल्याकडच्या पण मुली तिथं पोचल्यात, राउरकेलाची श्रिया लेंका २०२२ मध्ये ब्लॅकस्वान ग्रुपमध्ये गेली, मला तिचा अभिमान वाटतो आणि काळजी पण वाटते.

आपल्याकडे झालंय ते असं कंपनीशिवायच झालंय. गोव्याच्या शिवोलीचा रेमो फर्नांडिस, १९८० च्या दशकात कोणी कंपनी उभी करेना तर त्यानं घरी बसून सगळं स्वतः वाजवून रेकॉर्ड केलं आणि स्कूटरवर कॅसेटी घालून दुकानोदुकानी विकल्या. आनंद शिंदेंच्या कॅसेटी गावोगावच्या टेपरेकॉर्डरवर वाजून वाजून घासल्या, त्यांना कुठल्या स्टायलिस्टनं घडवलं नव्हतं, घरातच प्रल्हाद शिंदे होते. अजय-अतुल घ्या, शिकलेत बघून बघून ऐकून ऐकून, आणि २०१६ च्या सैराटसाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी वाजवून घेतली. झिंगाट लागल्यावर अमराठी लग्नात पण काय होतं ते तुम्हाला माहितीये.

अडतंय कुठं तर माझ्या मते आमच्यापाशी. मी बीटीएसच्या गाण्याला रात्री जागले, पण माझ्याच कॉलेजच्या एका मराठी बँडचं गाणं आलं तर स्टोरीला हार्ट दिलं आणि पुढं सरकले. तिकीट काढून मराठी पोरांचा कार्यक्रम ऐकायला किती जण जातो आम्ही? मराठी कार्यक्रम म्हणजे पास मिळाला पाहिजे ही सवय आपली. तुम्ही फॅक्टरी शोधू नका, तुमच्या पहिल्या दोनशे फॅनची एक्सेल शीट बनवा, कोण कुठल्या गावचं, कोणाला काय आवडतं, कार्यक्रम असेल तेव्हा प्रत्येकाला वेगळा मेसेज. केपॉपमधून उचलायची गोष्ट असेल तर ती ही. आणि गाण्याची लिंक मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, या वेळी हार्ट देऊन पळणार नाही.

माझी नात सुट्टीला येते आणि दिवसभर त्या मुलांचं बघत बसते. तिच्याशी बोलायला मला पण थोडं शिकायचंय. कुठून सुरू करू? (आजी, सातारा)

आजी, तुमचं पत्र मी दोनतीन मैत्रिणींना वाचून दाखवलं, सगळ्यांना तुमची नात व्हायचंय.

तिला सांगा की मोठा झगमगाटाचा व्हिडिओ नको, टीव्हीच्या कार्यक्रमातलं स्टेज लाव. त्यात गाण्याच्या मधल्या जागांमध्ये प्रेक्षक एका सुरात ओरडतात, ते ऐका. ते उगाच ओरडणं नसतं, कुठं कोणाचं नाव घ्यायचं, कुठली ओळ परत म्हणायची हे ठरलेलं असतं, त्याला फॅनचांट म्हणतात, फॅन पाठ करून येतात. तुम्ही भजनाला बसत असाल तर हे तुम्हाला नातीच्या आधी जमेल. हातात चमकणारी काठी दिसेल ती लाइटस्टिक, प्रत्येक ग्रुपची वेगळी, बीटीएसची गोल डोक्याची, मोठ्या कॉन्सर्टला ती ब्लूटूथनं जोडलेली असते आणि अख्ख्या स्टेडियमचा रंग एकदम बदलतो.

मग विचारा, तुझा बायस कोण. हा प्रश्न विचारलात की तुम्हाला पुढं काही बोलावं लागणार नाही, चहा टाकून आधीच आणून ठेवा, दोन तास तरी उठता येणार नाही. जेवताना ती कोरियन नूडल्स मागेल, त्या फार तिखट असतात, पण कोल्हापूर साताऱ्याकडच्या माणसाला काही होत नाही. आणि सगळे सारखेच दिसतात हे वाक्य तेवढं पहिल्या दिवशी बोलू नका.